रुग्णालयातील सफाई आणि संघटनेचा हक्क

सरकारी रुग्णालयाचा खर्च कमी करायचे ठरले की कात्री प्रथम कोठे लागते, हे सांगायला अर्थतज्ज्ञाची गरज नाही. सफाई कामगार, वॉर्डबॉय, आया, स्वयंपाकघर आणि धुलाई विभागातील कर्मचारी यांच्यापासूनच सुरुवात होते. मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांतील परिचारिकांनी बाह्य संस्थेमार्फत होणाऱ्या कंत्राटी भरतीविरोधात काम बंद आंदोलन केले, तेव्हा ही कात्री वरच्या पायरीवर पोहोचल्याचे दिसले. एकदा झालेले कंत्राटीकरण मागे घेता येते का? या प्रश्नाच्या संदर्भात कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा सुमारे वीस वर्षांचा अनुभव पाहण्याजोगा आहे.

तेथील ‘हॉस्पिटल एम्प्लॉइज युनियन’ ही संघटना १९४४ साली व्हँकुव्हर जनरल हॉस्पिटलमध्ये स्थापन झाली. तिच्या सदस्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी, आणि त्यांत परदेशांतून येऊन स्थायिक झालेल्याही अनेक. वर्षानुवर्षांच्या वाटाघाटींतून संघटनेने त्यांना घर चालेल असे वेतन मिळवून दिले होते. नेमके हेच वेतन सरकारच्या डोळ्यांवर आले.

जानेवारी २००२ मध्ये गॉर्डन कॅम्पबेल यांच्या सरकारने ‘बिल २९’ हा कायदा अवघ्या तीन दिवसांत मंजूर केला. कंत्राटदार नेमण्यास आडकाठी करणारी वेतनकरारांतील कलमे या कायद्याने निष्प्रभ झाली आणि पुढील करारांतही ती घालण्यास मनाई झाली. म्हणजे सरकारने स्वतःच्या संमतीने झालेले करार कायद्याच्या बळावर मोडले. पुढील तीन वर्षांत आठ हजारांहून अधिक नोकऱ्या गेल्या. सफाई कामगाराचे तासाचे वेतन १८ डॉलरच्या आसपास होते, ते कंत्राटदारांकडे १० डॉलरच्या घरात आले. काम तेच, खाटा त्याच, जंतूही तेच.

एप्रिल २००४ मध्ये सुमारे चाळीस हजार कर्मचारी संपावर गेले. सरकारने आणखी एक कायदा करून संप मोडीत काढण्याचा प्रयत्न केला. वेतन घटवून आणि कामाचे तास वाढवून पंधरा टक्क्यांची कपातही लादली. कर्मचारी तरीही मागे हटले नाहीत आणि अन्य संघटना सार्वत्रिक संपाच्या तयारीला लागल्या. अखेर मेच्या आरंभी तडजोड झाली. कपात कायम राहिली, मात्र पुढील कंत्राटीकरणाला मर्यादा घालण्यात आली. कामगारांपैकी अनेकांना ही तडजोड पराभवासारखीच वाटली, आणि त्यात नवल नव्हते.

खरी कलाटणी न्यायालयात मिळाली. ८ जून २००७ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने बिल २९ मधील महत्त्वाची कलमे घटनाबाह्य ठरवली. संघटना स्थापण्याच्या स्वातंत्र्यात सामूहिक वाटाघाटींच्या प्रक्रियेचाही अंतर्भाव होतो, असे सांगताना न्यायालयाने १९८७ मधील स्वतःचीच भूमिका सोडली. अर्थात, संरक्षण मिळाले ते वाटाघाटींच्या प्रक्रियेला. विशिष्ट वेतनाची हमी त्यात नाही.

आपल्याकडे चित्र वेगळे आहे. संघटना स्थापण्याच्या मूलभूत हक्कात परिणामकारक सामूहिक वाटाघाटींचा हक्क येत नाही, असे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यात १९६१ मध्येच म्हटले. कंत्राटी पद्धत बंद झाली म्हणून कामगार आपोआप सेवेत सामावले जात नाहीत, हा २००१ चा निर्णय. तर सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही, हा २००३ चा. अत्यावश्यक सेवा कायद्याची टांगती तलवार आहे ती निराळीच. त्यामुळे येथील रुग्णालय कर्मचाऱ्यांच्या संघटनांना न्यायालयापेक्षा अर्थसंकल्पाकडेच अधिक पाहावे लागते. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ मध्ये सरकारी आरोग्य खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. पैसाच अपुरा असेल तर कायम पदे भरायची कोठून, असे प्रशासन म्हणते. संघटनांचा पैशाचा आग्रह म्हणूनच केवळ पगारापुरता मानता येत नाही.

ब्रिटिश कोलंबियात २०१८ मध्ये तो कायदा रद्द करण्याचे विधेयक संमत झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने सफाई व भोजन विभागांतील सुमारे चार हजार कंत्राटी कर्मचाऱ्यांना पुन्हा सार्वजनिक सेवेत घेण्याची घोषणा केली आणि २०२२ पासून टप्प्याटप्प्याने ते परत आले. २००३ मध्ये पन्नाशीत नोकरी गमावलेल्या बाईंचे तोवर निवृत्तीचे वय उलटून गेले होते.