‘मुक्त’ आणि ‘खुले’ : संगणकविद्येतील एका संज्ञावादाचा अर्थविचार

१. वादाचे स्वरूप

सॉफ्टवेअरच्या, म्हणजे संगणकास द्यावयाच्या आज्ञावल्यांच्या, क्षेत्रात एक वाद पुन्हा पुन्हा उद्भवतो. एखादी कंपनी आपल्या सॉफ्टवेअरचा परवाना बदलते किंवा एखादे नवे साधन ‘ओपन सोर्स’ असल्याचे जाहीर करते. आणि ती वार्ता प्रसृत होताच प्रोग्रॅमरमंडळींच्या अत्यंत तीव्र प्रतिक्रिया उमटतात. बाहेरच्या वाचकास नवल वाटते ते याचे की, या प्रतिक्रियांचा रोख पुष्कळदा त्या वस्तूच्या किमतीवर किंवा गुणांवर नसून तिला दिलेल्या नावावर असतो. ‘तुम्हांस हवी ती अट घाला; पण मग त्यास ओपन सोर्स म्हणू नका’, असा त्या आक्षेपांचा सारांश सांगता येईल.

दोन उदाहरणे पुरेशी आहेत. जानेवारी २०२१ मध्ये इलास्टिक या कंपनीने आपल्या इलास्टिकसर्च या शोधप्रणालीचा पूर्वीचा अपाची परवाना सोडून दोन नव्या परवान्यांचा पर्याय जाहीर केला. त्यांपैकी एका परवान्यात अशी अट होती की, ही प्रणाली सेवा म्हणून इतरांस पुरविणाऱ्याने त्या सेवेच्या व्यवस्थापनाची सर्व आज्ञावलीही त्याच परवान्याखाली प्रसिद्ध करावी. कंपनीच्या निवेदनात ‘ओपन’ हा शब्द मात्र अभिमानाने कायम होता. त्याच महिन्यात ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेने हा परवाना ओपन सोर्स नव्हे असे जाहीर केले. अॅमेझॉनने जुन्या परवान्याखालील आवृत्तीवरून ओपनसर्च ही निराळी शाखा काढली. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये इलास्टिकने संस्थेस मान्य असलेल्या एका परवान्याचा पर्याय पुन्हा उपलब्ध केला.

दुसरे उदाहरण जुलै २०२३ मधील आहे. मेटा कंपनीने लामा २ हे भाषाप्रारूप प्रसिद्ध करताना त्यास ओपन सोर्स म्हटले. परंतु ज्यांच्या सेवांचे मासिक वापरकर्ते ७० कोटींहून अधिक होते त्यांनी कंपनीची स्वतंत्र अनुमती घ्यावी, आणि प्रारूपाचा वापर विशिष्ट कामांसाठी करू नये, अशा अटी परवान्यात होत्या. येथेही आक्षेप आला तो नावावरच.

हा सर्व शब्दच्छल होय काय? अर्थविचाराच्या दृष्टीने पाहता तसे म्हणता येत नाही. शब्दाचा अवयवार्थ आणि त्याचा रूढार्थ यांचा हा झगडा आहे. आणि त्याचा इतिहास ध्यानात घेतल्यावाचून त्यातील आवेशाची उपपत्ती लागत नाही.

२. ‘फ्री’ या शब्दाची द्व्यर्थता

२७ सप्टेंबर १९८३ रोजी रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू या प्रकल्पाची घोषणा केली. १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली, आणि १९८६ मध्ये ‘फ्री सॉफ्टवेअर’ या संज्ञेची व्याख्या प्रथम प्रसिद्ध झाली. आज ही व्याख्या चार स्वातंत्र्यांच्या रूपाने मांडली जाते : आज्ञावली कोणत्याही हेतूने चालविणे, तिची रचना अभ्यासून तीत बदल करणे, तिच्या प्रती इतरांस देणे, आणि बदललेल्या प्रतीही देणे. यांत मूल्याचा निर्देश कोठेही नाही. स्टॉलमन स्वतः १९८५ मध्ये आपल्या ईमॅक्स या संपादकाच्या चुंबकीय फिती १५० डॉलर घेऊन विकीत असत.

इंग्रजीतील ‘फ्री’ या शब्दाचे मूळ संस्कृत ‘प्रिय’ शब्दाशी सगोत्र आहे. जो आपल्या आप्तगणात मोडतो, दास नाही, तो ‘फ्री’ असा अर्थविकास तेथे मानण्यात येतो. ‘विनामूल्य’ हा अर्थ नंतरच्या काळात जोडला गेला. आणि बाजाराच्या व्यवहारात तोच प्रबळ झाला. त्यामुळे ‘फ्री सॉफ्टवेअर’ असे म्हणताच ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम किमतीचा विचार येऊ लागला.

या दोन अर्थांमधील अंतर लिनक्सच्या इतिहासात फार स्पष्ट दिसते. लिनुस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स प्रसिद्ध केले तेव्हा त्याच्या वितरणासाठी पैसे घेण्यास परवान्यानेच मनाई होती. म्हणजे ते फुकट होते. परंतु वरील व्याख्येनुसार मुक्त नव्हते. १९९२ मध्ये ते ग्नू जनरल पब्लिक लायसन्स या परवान्याखाली आले, त्याची विक्री करण्याची मुभा मिळाली, आणि तेव्हाच ते मुक्त झाले. विकण्याची मोकळीक मिळाल्याने एखादी वस्तू ‘फ्री’ होते, हे विधान इंग्रजीत विरोधाभासासारखे वाटते. मराठीत ‘मुक्त’ शब्द योजला असता त्यात विरोध मुळीच उरत नाही.

३. ‘ओपन सोर्स’ या संज्ञेचा जन्म

२२ जानेवारी १९९८ रोजी नेटस्केप कंपनीने आपल्या कम्युनिकेटर या सॉफ्टवेअरची मूळ संहिता प्रसिद्ध करण्याचा मनोदय जाहीर केला. या संधीचा लाभ घेऊन व्यापारी जगास हा विचार पटवावयाचा, तर ‘फ्री’ हा शब्द अडचणीचा ठरेल असे काहींना वाटले. ३ फेब्रुवारी १९९८ रोजी कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे एक बैठक झाली. तीत क्रिस्टीन पीटरसन यांनी सुचविलेली ‘ओपन सोर्स’ ही संज्ञा स्वीकारण्यात आली. त्याच महिन्यात एरिक रेमंड आणि ब्रूस पेरेन्स यांनी ओपन सोर्स इनिशिएटिव्हची स्थापना केली. पेरेन्स यांच्या पुढाकाराने डेबियन या प्रकल्पासाठी १९९७ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली होती, त्यांवरूनच दहा कलमांची ओपन सोर्स व्याख्या सिद्ध झाली.

यांतील पाचवे आणि सहावे ही कलमे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पाचवे कलम सांगते की, परवान्याने कोणत्याही व्यक्तीशी किंवा गटाशी भेदभाव करू नये. सहावे सांगते की, वापराच्या कोणत्याही क्षेत्रास मनाई करू नये. लामा २ च्या परवान्यातील वापरकर्त्यांच्या संख्येची अट पहिल्याशी विसंगत आहे, आणि वर्ज्य कामांची यादी दुसऱ्याशी.

स्टॉलमन यांनी नवी संज्ञा नाकारली. व्यवहारात दोन्ही संज्ञांखाली येणारे परवाने बहुतांशी एकच असले, तरी ‘फ्री’ हा शब्द वापरणाऱ्याच्या हक्काकडे निर्देश करतो आणि ‘ओपन सोर्स’ हा संहितेच्या एका गुणाकडे, असे त्यांच्या भूमिकेचे सार आहे. एका संज्ञेचे विशेष्य मनुष्याच्या अधिकाराशी निगडित आहे, दुसरीचे वस्तूशी. हा भेद सूक्ष्म खरा. परंतु तो दोन विचारसरणींचा भेद आहे.

४. अवयवार्थ आणि रूढी

भारतीय शास्त्रपरंपरेने शब्दांचे यौगिक, रूढ आणि योगरूढ असे भेद केले आहेत. ‘पाचक’ म्हणजे शिजविणारा; हा शब्द यौगिक, कारण त्याचा अर्थ अवयवांवरूनच निष्पन्न होतो. ‘पंकज’ हा योगरूढ. चिखलात जन्मणाऱ्या अनेक वस्तू असल्या तरी तो शब्द कमळापुरताच रूढ आहे. बेडकास कोणी पंकज म्हटले, तर व्युत्पत्तीचा आधार दाखवूनही त्याचे म्हणणे ग्राह्य ठरत नाही.

‘ओपन सोर्स’ ही संज्ञा याच अर्थाने योगरूढ आहे. अवयवार्थ घेतला तर ज्याची संहिता पाहावयास मिळते ते सर्व ओपन सोर्स होईल. पण व्याख्येनुसार दर्शन पुरेसे नाही. वापरणे, बदलणे, वाटणे आणि विकणे यांचीही मोकळीक हवी. केवळ अवयवार्थ धरल्यास लक्षणात अतिव्याप्तीचा दोष शिरतो. परवाना बदलूनही नाव कायम ठेवू पाहणाऱ्यांचा युक्तिवाद बहुधा यौगिक असतो : ‘संहिता तर उघडीच आहे!’ त्यांस विरोध करणारे रूढार्थाचा आश्रय घेतात. दोन्ही पक्ष आपापल्या परीने प्रामाणिक असू शकतात, आणि म्हणूनच वाद मिटत नाही.

परंतु ‘पंकज’ आणि ‘ओपन सोर्स’ यांत एक मोठा भेद आहे. ‘पंकज’ शब्दाची रूढी शतकानुशतकांची आहे. ‘ओपन सोर्स’ची १९९८ पासूनची. शिवाय तिला कायद्याचे पाठबळ नाही. ही संज्ञा व्यापारचिन्ह म्हणून नोंदविण्याचा विचार झाला होता; पण ती फारच वर्णनात्मक असल्यामुळे तो मार्ग १९९९ मध्ये सोडून द्यावा लागला. तेव्हापासून या शब्दाचा अर्थ सांभाळणारी शक्ती एकच उरली आहे : भाषिकांची जागरूकता. कोणी चुकीचा प्रयोग केला की तत्काळ निषेध करणे, हीच त्याच्या रक्षणाची रीत होय. प्रतिक्रियांची तीव्रता पुष्कळदा अप्रिय वाटते. तिच्या मुळाशी मात्र हे कारण आहे. ज्या दिवशी निषेध थांबेल, त्या दिवशी संज्ञेचा अर्थ सैल होईल. आणि तिच्यावर विश्वासून आपले काम उभारणाऱ्याचे हक्कही सैल होतील.

ऑक्टोबर २०२४ मध्ये याच संस्थेने कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी ओपन सोर्सची पहिली व्याख्या प्रसिद्ध केली, तेव्हा वाद ‘ओपन’वरून ‘सोर्स’ या दुसऱ्या पदाकडे सरकला. या व्याख्येनुसार प्रणालीची आज्ञावली आणि प्रशिक्षणातून सिद्ध झालेले अंक प्रसिद्ध झाले पाहिजेत. प्रशिक्षणसामग्रीविषयी मात्र पुरेशी तपशीलवार माहिती दिली म्हणजे झाले, ती सामग्री समग्र देणे अनिवार्य नाही. टीकाकारांचे म्हणणे असे की, अशा प्रणालीचे खरे मूळ ती सामग्रीच होय. म्हणजे यावेळी रूढार्थाच्या रक्षकांवरच अर्थ सैल केल्याचा आरोप आला.

५. मराठीतील पर्याय

मराठीत विनामूल्य या अर्थी ‘मोफत’ आणि ‘फुकट’ हे शब्द आहेत. पहिला फारसीतून आला. दुसऱ्यास अनादराची छटा आहे, आणि ‘श्रम फुकट गेले’ यासारख्या प्रयोगात तो ‘व्यर्थ’ या अर्थापर्यंत पोचतो. स्वातंत्र्याच्या अर्थी ‘मुक्त’ हा शब्द सिद्धच आहे. इंग्रजीची मूळ अडचण मराठीस त्यामुळे सहसा जाणवत नाही. ‘मुक्तद्वार’ भोजनात विनामूल्यतेची छटा येते हे खरे. पण तेथेही मुख्य अर्थ कोणासही मज्जाव नाही हाच आहे.

तथापि मराठीत एक दुसरी अडचण उत्पन्न होते. ‘मुक्त’ हा एकच शब्द ‘फ्री’ आणि ‘ओपन’ या दोहोंसाठी योजला जातो. मराठी विकिपीडिया स्वतःस ‘मुक्त ज्ञानकोश’ म्हणतो. तेथे मूळ शब्द ‘फ्री’ आहे. नाशिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या नावात तो ‘ओपन’साठी आहे. ‘मुक्त सॉफ्टवेअर’ आणि ‘मुक्तस्रोत सॉफ्टवेअर’ हे शब्द साहजिकच एकमेकांचे पर्याय समजले जातात. आणि ज्या भेदासाठी इंग्रजीत दोन पक्ष पडले, तो भेद मराठी वाचकापर्यंत पोचतच नाही. ‘स्रोत’ या पदानेही थोडा घोटाळा होतो. ‘जलस्रोत’, ‘उत्पन्नाचा स्रोत’ यांत त्याचा अर्थ उगम किंवा प्रवाह असा आहे. मूळ संहिता हा अर्थ त्यातून आपोआप निघत नाही.

मल्याळममध्ये ‘स्वतंत्र’ हा शब्द योजण्यात आला. केरळातील ‘स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग’ या गटाच्या नावात तो आढळतो. मराठीत तो चालणार नाही. ‘स्वतंत्र खोली’ म्हणजे निराळी खोली. ‘स्वतंत्र सॉफ्टवेअर’ म्हणताच वाचक ‘वेगळे सॉफ्टवेअर’ असेच समजेल. ‘उघडे’ या शब्दात अरक्षिततेची छटा आहे. ‘खुले’ हा शब्द त्यामानाने निर्दोष होय : ‘खुली स्पर्धा’, ‘खुले अधिवेशन’. ‘फ्री’साठी ‘मुक्त’ आणि ‘ओपन’साठी ‘खुले’ असा संकेत पाळला, तर मूळ भेद राखता येईल. परंतु ‘मुक्तस्रोत’ हा शब्द आता बराच रुळला आहे, आणि रुळलेला शब्द परिभाषाकाराच्या इच्छेने सहसा हटत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

६. अभ्यासकांचे कर्तव्य

या विवेचनाचा संबंध भाषाभ्यासाच्या दैनंदिन कार्याशीही पोचतो. मराठी विकिपीडियावरील मजकूर आणि मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या प्रकल्पातील मराठी ध्वनिमुद्रणे ही दोन्ही ‘मुक्त’ म्हटली जातात. पहिल्याच्या परवान्यानुसार श्रेय देणे आणि त्यावरून तयार केलेली कृती त्याच अटींवर खुली ठेवणे बंधनकारक आहे. दुसऱ्या संग्रहाच्या परवान्यात अशी कोणतीही अट नाही. विशेषण एकच, पण संशोधकावर येणारी बंधने अगदी भिन्न. बोलींचे नमुने गोळा करून ते ‘सर्वांसाठी मुक्त’ आहेत असे प्रबंधात लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने वस्तुतः काहीच निश्चित सांगितलेले नसते. त्या सामग्रीची प्रत काढता येईल काय, तीत भर घालता येईल काय, ती एखाद्या कंपनीस विकाऊ साधनात वापरता येईल काय, आणि ज्या वक्त्यांनी आपला आवाज दिला त्यांनी यांपैकी कशास संमती दिली होती, हे प्रश्न अनुत्तरितच राहतात.

तात्पर्य, संज्ञा कोणतीही स्वीकारावी. तिच्या शेजारी परवान्याचे नाव अवश्य द्यावे. संगणकक्षेत्रातील मंडळी एका शब्दासाठी इतकी हट्टाने भांडतात, याचे भाषाशास्त्राच्या अभ्यासकांस हसू येऊ नये. संज्ञा जन्मास कशी येते, तिची रूढी कोण सांभाळतो आणि ती ढळली असता कोणाची हानी होते, हे प्रत्यक्ष घडताना पाहण्याचा योग अभ्यासकास क्वचितच येतो; येथे तो आला आहे.