कायमचा पत्ता

बालगृहातल्या पुष्कळ मुलांचा वाढदिवस कागदावरच जन्मलेला असतो. स्टेशनवर सापडलेल्या मुलाचा दाखला कुठला असणार? डॉक्टर वयाचा अंदाज सांगतात, त्यावरून बाल कल्याण समिती वय ठरवते आणि तीच पुढे जन्मतारीख होते. अशा अंदाजपंचे तारखेला मूल अठरा पूर्ण करतं, आणि बालगृहातला त्याचा मुक्काम संपतो.

त्यापुढच्या आधाराला सरकारी भाषेत ‘अनुरक्षण’ म्हणतात. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 46 मध्ये त्याची तरतूद आहे. हा आधार 21 वर्षांपर्यंत मिळतो, अपवाद म्हणून आणखी दोन वर्षं. राहायला अनुरक्षण गृह किंवा पाच-सात जणांनी मिळून चालवायचं घर, शिक्षण, कामाचं प्रशिक्षण, आणि मिशन वात्सल्य योजनेतून दरमहा 4,000 रुपये. मात्र कलमाची भाषा मदत ‘देता येईल’ अशी आहे, ‘दिली पाहिजे’ अशी नाही. म्हणजे मदत आपोआप येत नाही, तिच्या मागे लागावं लागतं. शिवाय अनुरक्षणाच्या व्याख्येत संस्थेतून बाहेर पडलेलेच बसतात. बालसंगोपन योजनेवर मावशीकडे वाढलेल्या मुलीचं अनुदान अठराव्या वर्षी थांबतं, आणि अनुरक्षणाची दारंही तिच्यासाठी नसतात.

नियमांप्रमाणे परिवीक्षा अधिकारी किंवा बाल कल्याण अधिकारी मूल बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी पुढचा आराखडा समितीपुढे ठेवतो. दोन महिने! एवढ्यात अनेकदा साधं आधार कार्डावरचं नावही दुरुस्त होत नाही. सोळाव्या वर्षीच कागद जमवायला घ्यावेत हे बरं: आधार, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, बँक खातं आणि महिला व बाल विकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र. महाराष्ट्र राज्याने 2018 मध्ये अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत 1 टक्का समांतर आरक्षण दिलं, पण ते हे प्रमाणपत्र हातात असेल तरच. संस्थेत असताना फाईल अधीक्षकांच्या कपाटात असते, सही-शिक्का शेजारच्या खोलीत. एकदा बाहेर पडलं की त्याच कागदासाठी पगार कापून घेऊन एसटीने यावं लागतं.

कागद झाले तरी स्वयंपाकघर उरतंच. ऐंशी पानांचा भात रोज पाहिलेल्या मुलीला एकटीपुरते तांदूळ किती घ्यायचे ते ठाऊक नसतं. वाटी की मूठ? पहिल्या दिवशी पातेलंभर भात उरतो. बाजारहाट कधी केलेला नसतो, विजेचं बिल हातात घेतलेलं नसतं, स्वतःच्या खोलीची किल्लीही कधी जवळ बाळगलेली नसते. हे शिकवायला वेगळी योजना लागत नाही. सतराव्या वर्षापासून आठवड्याची भाजी त्यांनाच आणायला पाठवली, हिशेब त्यांनाच लिहायला लावला, तरी बरंच होतं.

सगळ्यात अडतं ते खोली घेताना. डिपॉझिट आणि भाडेकराराची सोय होते, पण घरमालक विचारतो, “गावाकडे कोण असतं?” बँकेच्या अर्जातही ‘कायमचा पत्ता’ हा रकाना असतोच. काही ठिकाणी आधी बाहेर पडलेला एखादा दादा सोबत जातो, घरमालकाशी चार शब्द बोलतो, जामीन राहतो. रकान्यात मात्र बहुतेक जण अजूनही बालगृहाचाच पत्ता लिहितात.