क्राकाटाऊची नोंद : काय घ्यावे, काय गाळावे

कोश म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर जाडजूड खंडांची रांग उभी राहते. ज्ञानकोशकार केतकरांनी १९२०च्या दशकात मराठीत हे प्रचंड काम पार पाडले आणि पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईहून विश्वकोशाचे खंड निघू लागले. या संपादकांपुढे जागेची अडचण कायमची होती. खंडाची पाने ठरलेली, तेव्हा एक नोंद वाढली की दुसरी आखडती घ्यावी लागे. आता विश्वकोशही मोबाइलवर वाचता येतो आणि मराठी विकिपीडियावर तर कोणीही बसल्या जागी भर घालू शकतो. पाने मोजण्याचे कारण उरले नाही. मग एखाद्या विषयावर जे जे सापडेल ते ते सारे नोंदीत का घालू नये?

हा प्रश्न मोघम ठेवला तर त्याला उत्तरही मोघमच मिळेल. म्हणून एक ज्वालामुखी घेऊ. जावा आणि सुमात्रा या बेटांच्या मध्ये सुंदा नावाची सामुद्रधुनी आहे. तिच्यात क्राकाटाऊ आहे. इंग्रजी पुस्तकांनी त्याला क्राकाटोआ केले आणि तेच नाव जगभर रूढ झाले. माझ्या मते नोंद स्थानिक नावाने असावी आणि रूढ नाव पहिल्याच वाक्यात यावे, म्हणजे शोधणारा चुकणार नाही.

गाभ्याविषयी मतभेद होण्याचे कारण नाही. २० मे १८८३ रोजी उद्रेकाला प्रारंभ झाला. तीन महिने तो कमीअधिक चालू होता. २६ ऑगस्टच्या दुपारपासून त्याने उग्र रूप धारण केले आणि २७ तारखेच्या सकाळी एकापाठोपाठ एक महास्फोट झाले, त्यांतला सर्वांत मोठा दहाच्या सुमारास. बेटाखालचा शिलारस इतक्या वेगाने बाहेर फेकला गेला की पोटातला आधार जाऊन वरचा भाग खाली कोसळला. बेटाचा सुमारे दोनतृतीयांश भाग नाहीसा झाला. समुद्रात उसळलेल्या लाटा काही ठिकाणी तीस मीटरांहून उंच होत्या. हे सर्व नोंदीत हवेच, आणि ते कसे घडले हेही हवे. कारण नुसते ‘भयंकर स्फोट झाला’ असे लिहिणे म्हणजे वर्तमानपत्राचा मथळा झाला.

खरी पंचाईत होते ती प्रसिद्ध गोष्टींची. क्राकाटाऊचा आवाज ‘इतिहासातील सर्वांत मोठा आवाज’ होता, असे सर्रास लिहिले जाते. हे वाक्य आकर्षक आहे, पण ताडून पाहायचे कसे? त्याआधीच्या उद्रेकांचे आवाज मोजून ठेवलेले नाहीत. याउलट, हिंदी महासागरातील रॉड्रिग्ज बेटावर, सुमारे ४,८०० किलोमीटर अंतरावर, तेथील पोलीस अधिकाऱ्याने दूर तोफा चालल्यासारखा आवाज ऐकल्याची नोंद केली आहे. मुंबई ते दिल्ली हवाई अंतराच्या चौपट हे अंतर! ध्वनीच्या वेगाने हिशोब केला तर तो आवाज तेथे पोहोचायला चार तासांच्या आसपास लागले असतील. माझ्या मते नोंदीत रॉड्रिग्ज ठेवावे आणि ‘सर्वांत मोठा’ गाळावे. वाचकाला थक्क व्हायचे असेल तर तो आकडा वाचूनही होईल.

१८१६ साली युरोपात उन्हाळाच आला नाही ही हकीकत अनेकदा क्राकाटाऊच्या खाती मांडली जाते. ती १८१५च्या तांबोरा उद्रेकाची आहे. तांबोराही इंडोनेशियातच, आणि आकाराने क्राकाटाऊहून मोठा उद्रेक. पण त्याच्या काळी तारायंत्र नव्हते. क्राकाटाऊची वार्ता समुद्राखालच्या तारांनी पाहता पाहता लंडनला गेली, आणि कीर्ती त्याला मिळाली. कीर्तीचे हे कारण नोंदीत अवश्य सांगावे. तांबोराची थंडी मात्र तांबोराच्या नोंदीत.

आता रंगांविषयी. उद्रेकाने वर फेकलेले सूक्ष्म कण आणि वायू वातावरणाच्या वरच्या थरांत पसरले आणि कित्येक महिने जगभर सूर्यास्त लालभडक दिसू लागले. नोव्हेंबर १८८३ मध्ये अमेरिकेत पोकिप्सी या गावी आग लागली असे वाटून बंब बाहेर काढण्यात आले. लंडनमध्ये विल्यम ॲस्क्रॉफ्ट नावाच्या चित्रकाराने थेम्सच्या काठी बसून या आकाशाची पाचशेहून अधिक रेखाटने केली. मला ही हकीकत फार आवडते. चित्रे येथे पुराव्याचेच काम करतात, म्हणून ती राहावीत. पण एडवर्ड मुंक यांच्या ‘द स्क्रीम’ या १८९३च्या चित्रातले तांबडे आकाश क्राकाटाऊचेच, असे काही अमेरिकी अभ्यासकांनी २००४ साली मांडले, ते वेगळे. इतरांनी त्यावर शंका घेतली आहे आणि दुसऱ्या प्रकारच्या ढगांकडे बोट दाखवले आहे. हा वाद चित्राच्या नोंदीत शोभेल. ज्वालामुखीच्या नोंदीत फार तर एक वाक्य. हॉलिवूडने १९६०च्या दशकाच्या अखेरीस ‘क्राकाटोआ, ईस्ट ऑफ जावा’ असा चित्रपट काढला. प्रत्यक्षात बेट जावाच्या पश्चिमेला आहे! ही गंमत गप्पांत सांगावी. नोंदीत तिला जागा द्यायला मी तयार नाही.

आणि माणसे? डच सरकारच्या हिशोबानुसार ३६,४१७ माणसे मेली. बहुतेक सारी लाटांनी, तर सुमात्राच्या किनाऱ्यावर समुद्र ओलांडून आलेल्या तप्त राखेच्या लोटांनी काही भाजून मेली. याहून कितीतरी मोठे आकडेही छापले गेले आहेत. अशा वेळी सरकारी आकडा द्यावा, तो कोणाचा ते सांगावे, आणि मोजदाद परकीय सत्तेने, उद्ध्वस्त किनाऱ्यावर केलेली होती याचीही जाणीव द्यावी. पुष्कळ लेखांत असे आढळते की लंडनच्या सूर्यास्ताला दोन परिच्छेद आणि जावाच्या किनाऱ्यावरील अंजेर गावाला अर्धे वाक्य. कारण उघड आहे. लंडनच्या माणसांनी लिहून ठेवले. अंजेर गावच वाहून गेले. जे लिहिलेले सापडते तेवढेच मोठे वाटते, आणि कोशकाराने सावध राहावे ते येथे.

मराठी नोंदीचा म्हणून एक वेगळा प्रश्न आहे. त्या लाटांचे पडसाद भारतातील बंदरांत भरती-ओहोटी नोंदणाऱ्या यंत्रांवरही उमटले होते. आपल्या वाचकासाठी हे घालावे काय? घालावे, पण एका वाक्यात. आपला संबंध आला म्हणून नोंदीचे तोंड आपल्याकडे फिरवणे बरे नव्हे.

काहींना वाटेल, एवढी चिकित्सा कशासाठी? जास्तीचे दोन परिच्छेद राहिले तर बिघडले कोठे? ज्याच्या कपाटात त्या विषयावरची आणखी चार पुस्तके आहेत, त्याचे काही बिघडत नाही. आमच्या घरात मात्र शाळेच्या क्रमिक पुस्तकांखेरीज पुस्तक नव्हते. अशा घरातला मुलगा जेव्हा नोंद उघडतो तेव्हा तीच त्याची पहिली आणि बहुधा शेवटची माहिती असते. तिच्यात जे आधी आले ते त्याला महत्त्वाचे वाटते, जे लांबलचक आले ते मोठे वाटते, आणि जे गाळले ते त्याच्या दृष्टीने घडलेलेच नसते. मथळा आणि पुरावा यांतला फरक त्याला कोणी सांगितलेला नसतो.

शेवटी नोंद कोठे थांबवावी, हेही ठरवावे लागते. १८८३ला थांबली तर ती इतिहासाची नोंद झाली. परंतु १९२७ साली त्याच जागी समुद्रातून नवा ज्वालामुखी वर येऊ लागला. त्याला ‘अनाक क्राकाटाऊ’ म्हणतात, म्हणजे क्राकाटाऊचे मूल. ते वाढत वाढत सुमारे ३४० मीटर उंच झाले. २२ डिसेंबर २०१८च्या रात्री त्याची एक बाजू समुद्रात ढासळली आणि लाटा उसळून चारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर शिखराची उंची सुमारे ११० मीटर भरली, म्हणजे जुन्या नोंदीतला उंचीचा आकडा एका रात्रीत खोटा ठरला. त्सुनामीचा इशारा देणारी तेथील यंत्रणा भूकंपाच्या धक्क्यांवर बेतलेली होती. मोठा भूकंप झालाच नाही, त्यामुळे किनाऱ्यावरच्या लोकांना इशारा मिळाला नाही. किनाऱ्यावर चाललेल्या गाण्याच्या कार्यक्रमावर लाट आदळली, त्याचे चित्रीकरण जगाने पाहिले. ते त्या त्सुनामीच्या नोंदीत जावे. इशारा का मिळाला नाही, हे मात्र ज्वालामुखीच्या नोंदीत, आणि तेही सूर्यास्ताच्या आधी यावे. त्या किनाऱ्यावर आजही माणसे राहतात.