अपरिचित यंत्रशाळा-हत्याराची उपयोगनिश्चिती : माकणी परिसराच्या संदर्भात त्रिकोणी स्क्रेपरचा विचार

प्रस्तावना :
धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील लोहारा तालुक्यात तेरणा नदीकाठी माकणी हे गाव वसलेले असून निम्न तेरणा प्रकल्पामुळे ते सर्वपरिचित आहे. ग्रामीण भागात वीज पोचण्यापूर्वी विहिरीवरील पाणीउपसा बैलांच्या मोटेकडून ऑइल इंजिनाकडे आला. महाराष्ट्रात या इंजिनांच्या प्रसारात १९४६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीचा वाटा मोठा होता. इंजिनांबरोबर त्यांची दुरुस्ती आली आणि दुरुस्तीबरोबर फिटरची हत्यारे आली. पुढे विजेच्या मोटारी आल्या, तेव्हा ही हत्यारे निरुपयोगी ठरली. आज अशी एखादी वस्तू सापडल्यास ती कशासाठी होती हे सांगता येत नाही. प्रस्तुत लेखात त्रिकोणी स्क्रेपर या एका हत्याराच्या आधारे उपयोगनिश्चितीची पद्धत स्पष्ट केली आहे.

हत्याराचे स्वरूप :
लाकडी मूठ, पुढे निमुळते होत गेलेले तीन बाजूंचे पोलादी पाते, असे या हत्याराचे रूप असते. प्रथमदर्शनी ते झिजलेली तिकोनी कानस वाटते. हा समज अगदीच निराधार नाही. कारण अनेक कारागीर जुनी कानस घासूनच स्क्रेपर तयार करीत. त्यामुळे मुठीजवळ कानशीचे दाते शिल्लक राहिलेले दिसू शकतात. मात्र दोहोंचे कार्य सर्वस्वी भिन्न आहे. कानस आपल्या दातेरी पृष्ठभागाने धातू कापते. स्क्रेपर आपल्या धारदार कडांनी तो खरवडतो.

ओळखीचे निकष :
पहिला निकष झिजेचा. कानशीची झीज पृष्ठभागावर असते. स्क्रेपरचे पृष्ठभाग मुद्दाम गुळगुळीत केलेले, पुष्कळदा मध्ये किंचित खोलगट असतात आणि तिन्ही कडा टोकाजवळ धारदार असतात. दाते झिजून नाहीसे झाले की घासून काढले, हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. दुसरा निकष अवशेषांचा. निळ्या रंगाचे डाग किंवा मऊ, पांढऱ्या धातूचे कण आढळल्यास ते बेअरिंगच्या कामाचे सूचक असतात. म्हणून वस्तू हाती येताच गंज काढण्यासाठी ती घासणे म्हणजे पुरावाच पुसणे होय. तिसरा निकष सोबतच्या वस्तूंचा. बेअरिंगचे तुकडे किंवा इंजिनाचे सुटे भाग त्याच पेटीत असल्यास अनुमान बळकट होते. त्रिकोणी स्क्रेपर छिद्राच्या काठावरील कंगोरे काढण्यासही वापरला जातो. त्यामुळे एकाच खुणेवरून निर्णय घेणे योग्य नव्हे.

कार्यपद्धती :
जुन्या मंदगती इंजिनांत कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमध्ये व्हाइट मेटल हा मऊ मिश्रधातू ओतलेला असे. या प्रकारच्या बेअरिंगचे पेटंट आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये अमेरिकेत घेतले होते. फिटर शाफ्टवर प्रशियन ब्लू रंगाचा पातळ थर देऊन तो बेअरिंगमध्ये फिरवी. जेथे उंचवटा असेल तेथे निळा डाग उमटे. तेवढाच भाग स्क्रेपरने खरवडला जाई. डाग सर्वत्र सारखे उमटेपर्यंत ही क्रिया पुनःपुन्हा चाले. त्यामुळे भार समान वाटला जाई. उंचवटे तसेच राहिल्यास तेलाचा थर तुटून बेअरिंग तापे व धातू वितळे. तयार शेल बेअरिंग प्रचारात आल्यावर या हस्तकौशल्याची गरज घटली.

अन्य उदाहरण :
लेथवरील आट्यांच्या गेजलाही हीच पद्धत लागू पडते. पोलादी पट्टीतील खाच ५५ अंशांची असल्यास तिचा संबंध १८४१ मध्ये मांडल्या गेलेल्या व्हिटवर्थ आट्यांशी, तर ६० अंशांची असल्यास मेट्रिक किंवा अमेरिकन आट्यांशी जोडता येतो. भारताने १९५६ च्या कायद्यान्वये मेट्रिक मापे स्वीकारली. तथापि जुनी यंत्रे त्यानंतरही चालू राहिल्याने केवळ कोनावरून हत्याराचे वय ठरविता येत नाही.

स्थानिक महत्त्व :
३० सप्टेंबर १९९३ रोजीच्या किल्लारी भूकंपाने या परिसरातील घरे कोसळली व अनेक गावांचे पुनर्वसन झाले. अशा स्थलांतरात वस्तू उरली तरी तिची जागा व तिच्याविषयीची माहिती सहज तुटते. याच जिल्ह्यात तेर येथील वस्तुसंग्रहालयात प्राचीन तगर नगरीचे अवशेष जतन केलेले आहेत. परंतु गेल्या शतकातील फिटरची हत्यारे भंगारात किलोने विकली जातात.

समारोप :
हत्याराचा उपयोग त्याच्या नावात नव्हे, तर झिजेत, अवशेषांत आणि सोबतच्या वस्तूंत नोंदलेला असतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील फिटर अभ्यासक्रमात स्क्रेपिंग आजही शिकविले जाते. त्या संस्था व महाविद्यालयीन विद्यार्थी यांनी वृद्ध कारागिरांच्या साहाय्याने गावोगावच्या हत्यारांची छायाचित्रे, मापे व वापराची माहिती नोंदविणे आवश्यक आहे. भंगारात गेलेले पोलाद पुन्हा वितळून उपयोगात येते. कारागिराबरोबर गेलेली माहिती मात्र परत मिळत नाही.