ताप उतरला, पण अमीबा गेला का?

आज बोलूया यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये, अमीबामुळे होणाऱ्या गळवाबद्दल.

या अमीबाचं नाव एन्टामिबा हिस्टोलिटिका. दूषित पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून तो पोटात जातो. आतड्याची भिंत पोखरतो आणि रक्तावाटे यकृतात पोहोचतो. मग ताप, थंडी, उजव्या बरगडीखाली दुखणं. कधीकधी उजवा खांदाही दुखतो. जुलाब होतीलच असं नाही, म्हणून अनेकांना पोटाचा संशयच येत नाही. सोनोग्राफी आणि रक्ततपासणी केली की निदान होतं.

उपचारात मुख्य औषध मेट्रोनिडाझोल. बहुतेकांचा ताप काही दिवसांत उतरतो. गळू फार मोठं असेल तर सुईने पू काढावा लागतो.

आता माझा मुद्दा नीट ऐका. बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत! यकृतातला अमीबा मेला तरी आतड्यात तो कवच घेऊन तग धरू शकतो. त्यासाठी डॉक्टर नंतर दुसरं औषध देतात, डायलोक्झानाइड किंवा पॅरोमोमायसिन. ते घेतलं नाही तर आजार उलटू शकतो, आणि घरच्यांनाही लागण होऊ शकते.

आणि मुळात होऊच नये म्हणून? पाण्याला खळखळून उकळी आणा, एक मिनिट पुरे. नुसत्या क्लोरीनवर विसंबू नका, कवचातला अमीबा त्याला सहज दाद देत नाही. उघड्यावरचा बर्फ टाळा. शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवा.

चला, भेटू पुढच्या भागात!