खाज थांबली म्हणजे आजार बरा झाला? नाजूक जागी क्रीम लावण्याआधी हे वाचा

"खाली खाज सुटलीय, काहीतरी क्रीम द्या."

साताऱ्याचा पोवई नाका असो की सांगलीचा मारुती रोड, मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य नेहमी हळू आवाजातच बोललं जातं. कधी बाई स्वतः येत नाही, घरातल्या कुणाला तरी पाठवते. एक ट्यूब मिळते आणि दोन दिवसांत बरं वाटतं. थोड्या दिवसांनी खाज पुन्हा सुरू होते आणि तीच ट्यूब पुन्हा आणली जाते.

अडचण इथेच आहे. खाज हे फक्त लक्षण आहे. तिच्यामागे वेगवेगळे आजार असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं असतं.

नेमकं काय झालेलं असू शकतं?

योनीच्या बाहेरच्या भागाला व्हल्वा म्हणतात. तिथली त्वचा पातळ आणि ओलसर असते, त्यामुळे ती लवकर चिडते. नेहमीची कारणं अशी:

- यीस्टचा संसर्ग: खाज, लाली आणि दह्यासारखा घट्ट पांढरा स्राव. डायबेटीस असेल, गरोदरपण असेल किंवा नुकत्याच अँटिबायोटिक गोळ्या घेतल्या असतील, तर शक्यता वाढते.
- गजकर्ण: जांघेतून पसरणारे गोल चट्टे.
- त्वचेची चिडचिड किंवा अ‍ॅलर्जी: सुगंधी साबण, 'इंटिमेट वॉश', डेटॉल, पॅड किंवा केस काढायच्या क्रीममुळे.
- बॅक्टेरियांचा असमतोल: पातळ स्राव आणि माशासारखा वास. यावर बुरशीचं क्रीम काहीच काम करत नाही.
- लायकेन स्क्लेरोसस: पांढरे चट्टे, भेगा आणि तीव्र खाज. पाळी गेल्यानंतर जास्त दिसतो.

'मला कळतंय, यीस्टच आहे' असं वाटणं स्वाभाविक आहे. पण २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, यीस्ट समजून स्वतःच औषध विकत घेणाऱ्या महिलांची तपासणी झाली. त्यांतल्या साधारण एक तृतीयांश महिलांनाच फक्त यीस्टचा संसर्ग होता.

'सगळ्यावर एकच' ट्यूब का नको?

आपल्याकडे बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि तीव्र स्टिरॉइड एकत्र असलेली क्रीम सर्रास मिळतात. स्टिरॉइड लाली आणि खाज पटकन दाबतं, म्हणून 'गुण आला' असं वाटतं. आत बुरशी मात्र पसरत राहते. वापर लांबला की त्वचा पातळ होते, चिरा दिसू लागतात आणि क्रीम बंद करताच आग वाढते. देशभरातले त्वचारोगतज्ज्ञ बऱ्या न होणाऱ्या गजकर्णाचं हे एक मोठं कारण मानतात.

मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइडच्या लावायच्या औषधांना 'शेड्युल एच'मध्ये आणलं. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. पाकिटावरची उभी लाल रेघ आणि 'आरएक्स' हे चिन्ह याचीच खूण आहे.

ब्रँडपेक्षा बारीक अक्षरातली घटकांची नावं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन किंवा मोमेटासोन दिसलं, तर ते स्टिरॉइड आहे.

मग स्टिरॉइड वाईटच का?

नाही. लायकेन स्क्लेरोससमध्ये डॉक्टर बहुतेक वेळा क्लोबेटासोलचं मलमच देतात. तिथे ते घाबरून अर्धवट सोडणं धोक्याचं आहे, कारण उपचार न झालेल्या या आजारात कॅन्सरचा थोडा धोका असतो. कोणत्या आजारासाठी, किती आणि किती दिवस, हे तपासणी करून ठरायला हवं.

क्रीम लावायचं कसं?

- साध्या पाण्याने धुवा आणि टिपून कोरडं करा. हात आधी आणि नंतरही धुवा.
- वाटाण्याएवढं क्रीम घेऊन पातळ थर द्या. जास्त लावल्याने लवकर बरं वाटत नाही.
- बाहेरचं क्रीम बाहेरच लावा. आत ठेवायची गोळी किंवा क्रीम वेगळं असतं.
- बुरशीचं औषध खाज थांबली तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा. स्टिरॉइड सांगितलेल्या दिवसांपेक्षा जास्त वापरू नका.
- लावल्यावर आग वाढत गेली तर धुऊन टाका आणि डॉक्टरांना सांगा.
- तेलकट क्रीममुळे कंडोम फाटू शकतो.
- आपली ट्यूब घरातल्या दुसऱ्या कुणाला देऊ नका. लहान मुलींना तर मोठ्यांचं क्रीम अजिबात लावू नका. पाळी येण्याआधीच्या वयात यीस्ट क्वचितच असतं, कारण वेगळंच निघतं.

आणि हळद? सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं, ती आपला अभिमान आहेच. पण या जागी हळद, लिंबू, टूथपेस्ट किंवा डेटॉल लावल्याने चिडलेली त्वचा आणखी चिडू शकते. ऊसतोडीसारख्या कामात घामाने ओले कपडे तासन्‌तास अंगावर राहतात. जमेल तेव्हा कोरडे सुती कपडे बदलणं हा घरगुती उपाय जास्त कामाचा आहे.

डॉक्टरकडे लगेच कधी जायचं?

फोड, जखम, गाठ किंवा पांढरे चट्टे दिसले, ताप आला किंवा ओटीपोटात दुखलं, गरोदर असाल, आठवडाभरात फरक पडला नाही किंवा वर्षात तीन-चार वेळा त्रास झाला, तर थांबू नका. वारंवार होत असेल तर शुगरही तपासा. जाताना वापरलेल्या ट्यूबचा फोटो सोबत न्या.

लाज वाटते, हे खरं आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० महिलांची तपासणी केली होती. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के महिलांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले. त्याआधी तपासणी आणि उपचार मिळाले होते फक्त ८ टक्के महिलांना.

राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. महिला डॉक्टर आहेत का, असं विचारता येतं. बोलायला संकोच वाटत असेल, तर त्रास कागदावर लिहून न्या. तेवढंही पुरतं.