तलावाची फेरी आणि उघड्यावरची रात्र : मुलांना नेताना काय पाहायचं?



दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की शाळेत सहलीचा विषय निघतो. मागे एका पालकसभेत मी म्हटलं, "या वेळी बस नको. मुलांना तलावाभोवती पायी फिरवू आणि रात्री उघड्यावरच मुक्काम करू." सभा एकदम गप्प झाली. मग मागच्या रांगेतून एक आई उठली आणि म्हणाली, "सर, बाकी सगळं ठीक आहे, पण वाघाचं काय?"

प्रश्न अगदी बरोबर होता. आपण राळेगाव तालुक्यात राहतो. २०१६ ते २०१८ या काळात राळेगाव-पांढरकवडा भागातल्या १३ माणसांचे मृत्यू टी-१ वाघिणीच्या नावावर मांडले गेले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात ती मारली गेली. त्या दोन वर्षांत इथल्या लोकांनी शेतात जाणं, गुरं चारणं कसं सोसलं, ते आपल्याला कोणी सांगायला नको. पण तेव्हापासून एक गोष्ट घडली. रानाला लागून राहणारी आपली मुलं रानाबद्दल फक्त भीतीच शिकली. पायाचा ठसा कुत्र्याचा की वाघाचा, पाण्यावर जनावर कधी येतं, रात्री कुठे झोपू नये, हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. धोका तर तेवढाच राहिला, माहिती मात्र कमी झाली.

म्हणून हा लेख. तलावाची फेरी आणि उघड्यावरचा मुक्काम म्हणजे काय आणि आपल्या भागात तो सुरक्षितपणे कसा करायचा, ते पाहू.

मुक्काम म्हणजे नेमकं काय?

जिथे नळ नाही, वीज नाही, संडास नाही, दुकान नाही, अशा ठिकाणी लागेल ते सगळं स्वतः नेऊन रात्र काढायची आणि सकाळी जागा होती तशी सोडून यायची. शहरातल्या लोकांना हे नवीन वाटतं. आपल्याकडे हे जुनंच आहे. रानडुकरं आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून शेतकरी रात्रभर जागलीला जातात. उंच मचाण, शेकोटी, टॉर्च, घोंगडी आणि पाण्याची कॅन, एवढंच सामान. तुमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरात जागल केलेला आजोबा किंवा बाप सापडेल. आमच्या तयारीच्या तासाला मी अशाच एका पालकांना बोलावलं होतं. त्यांनी पंधरा मिनिटांत जे सांगितलं, ते मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. त्यांचं पहिलंच वाक्य होतं, "पोरांनो, पाणी दिवसा आपलं, रात्री जनावराचं."

या एका वाक्यावर पुढचं सगळं नियोजन उभं आहे.

फेरी दिवसा, मुक्काम पाण्यापासून दूर

जनावरं पाण्यावर मुख्यतः पहाटे, संध्याकाळी आणि रात्री येतात. त्यामुळे तलावाच्या काठावर तंबू ठोकणं चित्रात छान दिसतं, पण आपल्या भागात ती चूक आहे. फेरी चांगलं उजाडल्यावर सुरू करायची आणि ऊन उतरायच्या आत संपवायची. रात्र गावठाणात, म्हणजे शाळेच्या पटांगणात किंवा मंदिरासमोरच्या मोकळ्या जागेत काढायची. उघडं आकाश तिथेही तेवढंच दिसतं.

"आमच्या गावाजवळ वाघ नाही" असं धरून चालू नका. टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला, रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये शेतं, नाले, रस्ते ओलांडत बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सुमारे १,३०० किलोमीटरची ती वाट बरीचशी माणसांच्या वस्तीजवळून गेली. वाघ चालत असतो, आणि तो नकाशावरची हद्द पाहत नाही. म्हणून जाण्याआधी वनरक्षकाला आणि गावच्या गुराख्यांना विचारायचं. अलीकडे जनावर दिसलं असेल तर बेत रद्द. यात कमीपणा काही नाही.

चालताना मुलं दोन मोठ्या माणसांच्या मध्ये, एक पुढे, एक मागे. कोणीही एकटं झुडपामागे जाणार नाही. गवतात वाकून किंवा उकिडवं बसून राहायचं नाही, कारण वाकलेला माणूस जनावराला माणूस वाटेलच असं नाही. मोहफुलं आणि तेंदूपाने वेचणाऱ्यांवर हल्ले होतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

पाणी : माझी चूक

पहिल्या फेरीत माझ्याकडून एक चूक झाली, ती सांगतो. आम्ही निघालो उशिरा, नऊला. प्रत्येकाकडे अर्धा-एक लिटरची बाटली. अर्ध्या वाटेत ऊन चढलं आणि बाटल्या संपल्या. समोर एवढा मोठा तलाव, त्यामुळे एका मुलाने माझी नजर चुकवून ओंजळभर पाणी प्यायलं. दुसऱ्या दिवशी त्याला उलट्या आणि जुलाब. दोन दिवसांत बरा झाला, पण त्याच्या आईसमोर उभं राहताना मला काय वाटलं, ते मलाच माहीत.

तेव्हापासून नियम असा : एका मुलामागे दिवसाला किमान दोन ते तीन लिटर पिण्याचं पाणी, तेही घरून. जास्तीचं पाणी सोबतच्या मोठ्यांकडे. तलावाचं पाणी वापरायची वेळ आलीच, तर फडक्याने गाळून, खळखळ उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळून, मगच. गाळलेलं पाणी स्वच्छ दिसतं, पण जंतू फडक्यातून जातात.

चूल आणि जेवण

राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, तेव्हा चूल गावातच. स्वयंपाक सोपा हवा. आपल्याकडे त्यासाठी रोडग्यांसारखं दुसरं काही नाही. कणकेचे गोळे, गोवऱ्यांचा आर, सोबत वांग्याची भाजी. तवा लागत नाही, पोळपाट लागत नाही, आणि मुलांना हात लावायला काम मिळतं. चुलीभोवती तीन-चार पावलं गवत काढून टाकायचं. झोपायच्या आधी आरावर पाणी ओतायचं, काडीने ढवळायचं, पुन्हा ओतायचं. नुसती माती लोटली तर खाली निखारा धुमसत राहतो.

झोपायचं कसं?

आपल्या भागात रात्रीचा खरा धोका बहुतेक वेळा वाघ नसतो, मण्यार असतो. हा साप रात्री फिरतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो तेव्हा अनेकदा फारसं दुखत नाही, आणि माणूस झोपेतच राहतो. म्हणून खाटा मिळाल्या तर उत्तम. नाही तर मच्छरदाणी लावून तिची कडा अंथरुणाखाली सगळीकडून नीट खोचायची. रात्री उठलं की आधी टॉर्च, मग पाय. सकाळी बूट झटकून घालायचे.

साप चावलाच तर हात किंवा पाय हलवू द्यायचा नाही, करकचून बांधायचं नाही, कापायचं नाही, मांत्रिकाकडे तर अजिबात जायचं नाही. १०८ ला फोन आणि सरळ सर्पदंशाची लस असलेलं रुग्णालय. ते कुठलं, हे निघायच्या आधीच विचारून ठेवायचं.

शौचाची सोय शाळेत असेल तर प्रश्न नाही. नसेल तर पाण्यापासून किमान साठ मीटर लांब, वीतभर खोल खड्डा आणि वर माती. प्लास्टिक मात्र पुरायचं नाही, घरी परत न्यायचं.

या फेरीतून शिकवायचं काय?

गावोगावचे पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांतून मोठ्या संख्येने झाले. आपल्या तलावाची माती कोणी वाहिली, हे मुलांना आजीकडून विचारून यायला सांगा. इतिहासाचा तास तिथेच सुरू होतो.

गणितासाठी पावलं मोजा. आधी दहा मीटर चालून एका पावलाची लांबी काढायची, मग पूर्ण फेरीची पावलं मोजायची. विज्ञानासाठी चिखलातले ठसे : कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, वाघाच्या ठशात सहसा नाहीत, कारण चालताना तो नखं आत ओढून घेतो. हिवाळ्यात चक्रवाक दिसले तर नकाशावर लडाख दाखवा. ही बदकं हिमालयापलीकडून आपल्या तलावावर येतात.

लांब जायचं तर लोणार

मोठ्या मुलांना घेऊन कधी लांब जायचं असेल, तर बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर पाहा. उल्का आदळून बेसाल्ट खडकात तयार झालेलं हे विवर साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं आणि सुमारे १५० मीटर खोल आहे. १.८ ला ३.१४ ने गुणा, म्हणजे वरच्या कडेची फेरी साधारण साडेपाच-पावणेसहा किलोमीटर येते. मुलांना हे उत्तर स्वतः काढू द्या. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं, ते खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला आढळलं. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

पण तिथेही नियम तोच. सरोवर अभयारण्यात आहे, म्हणून काठावर मुक्काम नाही, मुक्काम लोणार गावात. आणि एवढं पाणी समोर असूनही ते खारं आणि अल्कधर्मी, एक घोटही पिण्यासारखं नाही. बाटली भरूनच उतरायचं, आणि चढून येण्यासाठी अर्धी शिल्लक ठेवायची.

त्या सभेत उठलेल्या आई शेवटी मुलीला पाठवायला तयार झाल्या. अट एकच होती, त्या स्वतः सोबत येणार. आल्या, आणि रोडगे त्यांनीच भाजले. रात्री पटांगणात सगळे आडवे झाल्यावर लांबून कोल्हेकुई ऐकू आली. मुलगी उठून बसली आणि हळूच म्हणाली, "आई, हा कोल्हा आहे. घाबरू नको."

तुमच्या गावातली फेरी कशी होते, मुलं काय पाहतात, ते जरूर कळवा. आणि जागलीला गेलेल्या एखाद्या आजोबांना एक तास शाळेत बोलवायला विसरू नका.